मदत हवी आहे: प्रशियाचा फ्रेडरिक विल्यम तिसरा आणि आउअरश्टेट

नमस्कार मंडळी,

प्रशिया आणि नेपोलियनचा फ्रान्स यांच्यातल्या 14 ऑक्टोबर 1806 च्या आउअरश्टेटच्या लढाईबद्दल जाणकारांची मदत हवी आहे. प्रशियाचा सरसेनापती ब्रन्सविकचा ड्यूक डोळ्यांवर गोळी लागून सकाळीच कोसळला. राजा फ्रेडरिक विल्यम रणांगणावर हजर होता, पण त्याने ना नवा सेनापती नेमला, ना सूत्रं स्वतः धडपणे हाती घेतली. समोर फ्रेंच मार्शल दावूचे जेमतेम 27 हजार सैनिक आणि प्रशियाचं बळ जवळपास दुप्पट! तरी प्रशियन जनरल कालक्रॉइटची राखीव फौज वेळेवर पुढे आलीच नाही. ती का थांबली, हा माझा पहिला प्रश्न. राजाने रोखली, की हुकूमच निघाला नाही?

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. पराभवाचं सगळं खापर राजाच्या स्वभावावर फोडणं मला पटत नाही. नोव्हेंबर 1805 मध्ये पॉट्सडॅमला त्याने रशियाच्या झारला नेपोलियनविरुद्ध साथ देण्याचा शब्द दिला. प्रशियाचा दूत हाउग्विट्झ निर्वाणीच्या अटी घेऊन नेपोलियनकडे निघाला, मध्येच 2 डिसेंबरला ऑस्टरलिट्झला नेपोलियनने ऑस्ट्रिया आणि रशियाला हरवलं आणि 15 तारखेला त्याच हाउग्विट्झने हॅनोव्हरचा प्रदेश मिळण्याच्या बदल्यात फ्रान्सशी तह केला. ऑगस्ट 1806 मध्ये पुन्हा फ्रान्सविरुद्ध सैन्याची जमवाजमव, तीही ऑस्ट्रिया हरल्यावर आणि रशियन फौज दूर असताना. मंत्र्यांना डावलून बेयमे, लोम्बार्ड यांच्यासारखे खाजगी सल्लागार राजापाशी बसत. मग ही धरसोड माणसाची की या व्यवस्थेची?

मूळ हुकूम, पत्रव्यवहार किंवा प्रशियन सेनाधिकारी शार्नहोर्स्टची टिपणं कुणी वाचली असल्यास नेमका संदर्भ द्या. जर्मन मजकूरही चालेल.