शटर बदलून आणलं आणि फोकस सरकला: जबाबदारी कुणाची? (चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

काळी बॅग
डीएसएलआरचं (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याचं) शटर, म्हणजे उघडझाप करून प्रकाश आत सोडणारे पडदे, बदलून आलं. फोटो निघतात, आवाज ठीक आहे, पण व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावून बघायच्या खिडकीतून) समोरच्याच्या डोळ्यावर फोकस धरला की स्पष्ट येतो तो कान. यावर दुकानातून मिळणारं नेहमीचं उत्तर असं: "आम्ही शटर बदललं. फोकसचा प्रॉब्लेम वेगळा, त्याचा चार्ज वेगळा." मला हे अजिबात मान्य नाही. हे शटरच्याच कामातलं अर्धवट राहिलेलं काम आहे आणि ते पैसे न घेता पुरं करून दिलं पाहिजे.

बहुतेक बॉडींमध्ये (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यात) मागचं कव्हर, मेन बोर्ड आणि सेन्सर (चित्र टिपणारा भाग) काढल्याशिवाय शटर हाताला लागत नाही. सेन्सर साधारण तीन स्क्रूंवर बसतो. स्क्रूखाली कुठे कागदासारख्या पातळ चकत्या असतात, कुठे स्प्रिंग. कुठली चकती कुठल्या स्क्रूखाली होती याची खूण न ठेवता उघडलं की सेन्सर पुढेमागे होतो किंवा तिरका बसतो. किती फरकाने बिघडतं ते बघा. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी आकाराच्या सेन्सरचा एक पिक्सेल साधारण ०.००४ मिमी. दोन पिक्सेल पुसट झालेले चालवून घेतले तरी एफ/१.८ ला (मोठं ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र खूप उघडं असताना) सेन्सर जेमतेम ०.०१४ मिमी सरकलेला चालतो. फोकस मोजणारा सेन्सर मात्र मिरर-बॉक्सच्या (आरशाच्या कप्प्याच्या) तळाशी असतो आणि त्याला प्रकाश मिळतो मुख्य आरशामागच्या छोट्या आरशावरून. हा फोकसचा सेन्सर जागेवरच राहतो, चित्र घेणारा सेन्सर हललेला असतो. दोघांचं जमणार कसं?

सह्याद्रीवारा
कारण बरोबर सांगितलंत, पण निष्कर्षाची घाई झाली. दुरुस्तीनंतरच्या कितीतरी "नव्या बिघाडां"मध्ये बिघाड नसतोच. दुकानात जाऊन वाद घालण्याआधी तीन गोष्टी बघा.

व्ह्यूफाइंडरजवळचं डायॉप्टरचं (आपल्या नजरेप्रमाणे व्ह्यूफाइंडर जुळवायचं) चाक हाताळताना फिरतं. मग व्ह्यूफाइंडर धूसर दिसतो, फोटो मात्र चांगले येतात. आतली अक्षरं ठळक दिसेपर्यंत चाक फिरवलं की काम झालं.

सर्व्हिसिंगमध्ये सेटिंग बऱ्याचदा रीसेट होतात. एखाद्या लेन्ससाठी आधी एएफ फाइन-ट्यून (ऑटोफोकसची चूक भरून काढणारं मेन्यूतलं सेटिंग) +८ ठेवलेलं असेल तर ते पुसलं जातं, आणि लेन्सची मूळचीच चूक नवी वाटायला लागते.

तिसरं म्हणजे पट्टे. ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडी आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. १/१००० सेकंदाच्या शटर-वेगाला फोटोत आडवे पट्टे दिसले की लोक नव्या शटरला दोष देतात. तीच चाचणी दिवसाउजेडी, एकसारख्या उजळलेल्या भिंतीवर १/१०००, १/२००० आणि १/४००० ला घ्या. वेग वाढेल तशी एक कड काळवंडत गेली तरच शटरचे पडदे नीट जुळवलेले नाहीत असं म्हणा.

काळी बॅग
तिन्ही मुद्दे मान्य. पण डोळ्याऐवजी कान येणं यातल्या दुसऱ्याच मुद्द्यात बसू शकतं, आणि ते तपासता येतं. ट्रायपॉड लावा. ५० मिमी लेन्स, एफ/१.८, साधारण २ मीटरवर ठळक छपाईचं सपाट लक्ष्य, मधला फोकस पॉइंट. व्ह्यूफाइंडरमधून दहा फोटो घ्या. पाच वेळा आधी फोकस रिंग अनंतावर नेऊन, पाच वेळा अगदी जवळ आणून. मग लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर बघून; तिथे फोकस चित्र घेणाऱ्या सेन्सरवरूनच ठरतो) पाच. सगळे १००% वर बघा. लाइव्ह व्ह्यूचे पाचही स्पष्ट आणि व्ह्यूफाइंडरच्या दहाहीमध्ये फोकस एकाच बाजूला (पुढे किंवा मागे) सरकलेला असेल तर बॉडी आणि लेन्सची जुळणी चुकली आहे. दहा फोटो दहा तऱ्हेचे आले तर लेन्सची मोटर किंवा फोकस सेन्सरवरची धूळ असा संशय घ्या. हेच आणखी दोन लेन्सवर करा. सगळ्या लेन्स एकाच दिशेला चुकत असतील तर बॉडी हलली आहे, एखाद्या लेन्सचं सेटिंग पुसण्याचा त्यात काही संबंध नाही.

जुनी रीळ
आणि सगळ्या लेन्स एकाच दिशेला चुकत असतील तर उपायही सोपा आहे: फाइन-ट्यून. निकॉनमध्ये ते −२० ते +२० मिळतं, कॅननच्या मायक्रोॲडजस्टमेंटमध्येही तेवढंच. सेन्सर समांतर (तिरका न होता पुढेमागे) सरकला असेल तर यातून काम भागतं. पुन्हा बॉडी उघडायला देणं मला पटत नाही. उघडणं आलं की रिबन-केबलचे नाजूक कनेक्टर पुन्हा निघतात, स्क्रूंची डोकी पुन्हा झिजतात, धूळ पुन्हा आत जाते. जपानी कॅमेऱ्यांत जेआयएस (जपानी मानकाचे) स्क्रू असतात, त्यांना साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर लावला की खाच मोडते. खालच्या कव्हरचे स्क्रू भिंगातून बघा. खाचा खरवडलेल्या असतील तर त्याच हातात कॅमेरा परत द्यायचा का, हे आपलं आपण ठरवा.

काळी बॅग
इथेच माझा विरोध आहे. फाइन-ट्यूनने दोष झाकला जातो, जात नाही. पहिलं म्हणजे निकॉन डी३५०० किंवा डी५६०० सारख्या बॉडींत ही सोयच नाही. दुसरं, सेन्सर तिरका असेल तर मधला भाग सुधारतो आणि कड पुसटच राहते. भिंतीला वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवा, मधोमध छोटा आरसा टेका, त्यात लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यावर आलं की कॅमेरा भिंतीला समांतर झाला. आरसा काढून लाइव्ह व्ह्यूत मध्यावर फोकस करा, एफ/२.८ ला फोटो घ्या. मग कॅमेरा उलटा करून, पुन्हा समांतर लावून दुसरा. दोन्ही वेळा फ्रेमची तीच बाजू पुसट आली आणि दुसऱ्या लेन्सवरही तसंच झालं, तर सेन्सर किंवा माउंट (लेन्स बसते ती कडी) तिरका आहे. त्यावर मेन्यूत उपाय नाही.

निळा चष्मा
एक धोक्याची सूचना. मिरर-बॉक्समधला षटकोनी खाचेचा छोटा स्क्रू फिरवून फोकस जुळवण्याचे व्हिडिओ बघून कुणी तो फिरवू नये. त्याने आरशाचा कोन बदलतो, म्हणजे मूळ चूक सेन्सरची असताना दुसरी चूक तिच्यावर चढते. शिवाय दुकानदाराला "तुम्हीच छेडछाड केली" म्हणायची आयती सोय होते. फ्लॅश बंद पडला असेल तर वरचं कव्हर मुळीच उघडू नका. कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बॅटरी काढल्यावरही तो टिकतो.

सह्याद्रीवारा
तरी प्रश्न उरतोच की दोष दुरुस्तीआधी नव्हता हे दाखवायचं कसं? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतली त्रुटी हा तक्रारीचा आधार आहे, पण त्रुटी दाखवण्याची जबाबदारी आधी आपल्यावर येते.

काळी बॅग
जुन्या फाइल्सवरून. दुरुस्तीला देण्याआधीच्या, त्याच लेन्सने मोठ्या ॲपर्चरवर काढलेल्या मूळ रॉ फाइल्स (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या), आणि नंतरचे चाचणीचे फोटो. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत चालणार नाही, तिच्यातली एक्झिफ माहिती (तारीख, लेन्स, ॲपर्चर यांची नोंद) सहसा गेलेली असते. जॉबशीटवर (दुकानाने दिलेल्या कामाच्या नोंदीवर) "शटर बदलले" एवढंच असेल तर सेन्सर काढला होता का, हे लेखी विचारा. कॅमेरा परत देताना नव्या जॉबशीटवर "फोकस प्रॉब्लेम" असं मोघम लिहू देऊ नका. "व्ह्यूफाइंडर एएफ सर्व लेन्सवर मागे जातो, लाइव्ह व्ह्यू ठीक, शटर बदलल्यानंतर सुरू" असं लिहून घ्या आणि सोबत फोटो द्या. नकार मिळाला तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात, तेही आपण राहतो त्या जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी लागत नाही.

जुनी रीळ
तिरक्या सेन्सरचा मुद्दा मानला, तिथे परत देण्याला पर्याय नाही. पण चूक समांतर असेल, बॉडीत सोय असेल आणि सगळ्या लेन्स ±१० च्या आत जुळत असतील, तर मी अजूनही उघडायला देणार नाही. फक्त फाइन-ट्यून करण्याआधी शून्यावरचे चाचणीचे फोटो काढून ठेवा. नंतर आकडा १५-१८ कडे जायला लागला तर सेन्सरचा स्क्रू सैल होतोय असं समजा आणि त्या फोटोंसकट, पावतीवरची हमीची मुदत संपायच्या आत, कॅमेरा घेऊन जा.