पुण्यातली नोकरी सोडून कोल्हापुरातून स्वतःचे ऑनलाइन काम : टिकणारा फायदा नेमका कोणता?

मंगळवारपेठकर (प्रश्न)

नमस्कार. मी यंत्र अभियांत्रिकीचा पदवीधर आहे आणि गेली नऊ वर्षे पुण्यात एका खासगी कंपनीच्या डिझाइन विभागात काम करतो. बिडाच्या ओतीव भागांची त्रिमितीय मॉडेल्स आणि उत्पादनाची ड्रॉइंग तयार करणे हे माझे रोजचे काम आहे. हातात बावन्न हजार रुपये पगार येतो. त्यातले सोळा हजार घरभाड्याला जातात आणि दिवसाचे जवळजवळ तीन तास जाण्या-येण्यात जातात. आई-वडील कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या घरी दोघेच असतात. मागच्या वर्षी वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा सलग चार दिवसांच्या रजेसाठी मला तीन वेळा अर्ज करावा लागला, आणि पाचव्या दिवशी त्यांना आधाराशिवाय उभे राहता येत नसताना मला पुण्याची गाडी धरावी लागली. तेव्हापासून परत येण्याचा विचार मनातून जात नाही.

माझे काम संगणकावरचे आहे, त्यामुळे ते कोल्हापुरात बसूनही करता येईल असे वाटते. दोन ओळखीच्या उद्योजकांनी लहान कामे देण्याची तयारी दाखवली आहे. मात्र ‘स्वतःच स्वतःचे मालक व्हा’ अशा जाहिरातींवर घर चालत नाही, हे मला समजते. ज्यांनी पाच वर्षे किंवा त्याहून अधिक काळ घरून, इंटरनेटच्या आधारे, स्वतंत्रपणे काम केले आहे, त्यांना विचारावेसे वाटते की सुरुवातीचा उत्साह ओसरल्यावरही कोणता फायदा शिल्लक राहिला? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

नागाळापार्क_अनुवाद

तुमच्या प्रश्नातले शेवटचे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटले, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. मी २०१३ पासून इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. मुलगी दीड वर्षाची असताना हे काम सुरू केले, आणि त्या वेळी मलाही वाटत होते की वेळेचे स्वातंत्र्य हाच यातला मोठा फायदा आहे. प्रत्यक्षात वेळ वाढत नाही. मी नोकरीत असताना जेवढे तास काम करत होते, त्याहून आज थोडे अधिकच करते. पण ते तास मला सरकवता येतात, आणि घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर ही सोय किती मोलाची असते, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. माझे एक ग्राहक ब्रिटनमध्ये आहेत. तिकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचा दीड आणि हिवाळ्यात अडीच वाजलेला असतो. त्यामुळे सकाळी कपिलतीर्थातून भाजी आणणे, सासूबाईंना डॉक्टरांकडे नेणे, बँकेचे काम करणे हे सगळे उरकून मी कामाला बसू शकते.

मात्र इतक्या वर्षांनंतर टिकून राहिलेला फायदा कोणता, असे विचाराल तर माझे उत्तर वेगळे आहे. माझी मिळकत एकाच माणसाच्या मर्जीवर अवलंबून नाही. आज माझ्याकडे सहा नियमित ग्राहक आहेत आणि त्यांपैकी कोणाचेही काम एकूण मिळकतीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त होऊ द्यायचे नाही, असा नियम मी कसोशीने पाळते. २०२० च्या टाळेबंदीत पर्यटन क्षेत्रातल्या दोन ग्राहकांचे काम एका आठवड्यात थांबले, पण आरोग्यविषयक मजकूर देणाऱ्या ग्राहकांचे काम त्याच महिन्यात वाढले. पगारदाराला एवढी उसंत मिळत नाही. त्याची एकच वाट बंद झाली की सगळेच बंद होते.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर तुम्हाला आठवत असेलच. पंचगंगेचे पाणी आमच्या इमारतीच्या तळमजल्यात शिरले, वीज गेली, आणि शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आल्यामुळे शहराचा बाहेरचा रस्ताही बंद झाला. मी लॅपटॉप तांदळाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून, वर रेनकोट घालून कळंब्याला बहिणीकडे नेला आणि तिच्या माजघरात बसून चौथ्या दिवशी राहिलेली फाइल पाठवली. त्या महिन्याचे बिल पूर्ण मिळाले. ज्यांची रोजची कमाई दुकानाच्या शटरमागे होती, त्यांचे त्या दिवसांतले हाल मी जवळून पाहिले आहेत, म्हणून ही गोष्ट मी कधीच गृहीत धरत नाही.

आणखी एक गोष्ट सांगते. दर वाढवण्याचे पत्र मी दरवर्षी मार्चमध्ये स्वतः लिहिते. काही ग्राहक ते मान्य करतात, एखादा सोडून जातो. पण माझ्या कामाची किंमत दुसऱ्या कोणाच्या वार्षिक मूल्यमापनावर ठरत नाही.

शाहूपुरी_करसल्लागार

वरील ताईंनी जे लिहिले आहे ते योग्यच आहे; मी केवळ हिशेबाची बाजू मांडतो, कारण माझ्याकडे येणारे बहुतेक तरुण याच ठिकाणी चुकतात.

बावन्न हजार पगार आणि बावन्न हजारांचे बिल या दोन सारख्या रकमा नाहीत. नोकरीत कंपनी भविष्य निर्वाह निधीत तुमच्या मूळ वेतनाच्या १२ टक्के स्वतःच्या खिशातून भरते, पाच वर्षांनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो, आजारपणाचा विमा असतो आणि रजेच्या दिवसाचाही पगार मिळतो. स्वतंत्र कामात हे सर्व आपल्यालाच उभे करावे लागते. शिवाय तुमच्या व्यवसायात सॉफ्टवेअरचा अधिकृत परवाना हा मोठा खर्च आहे. सध्याच्या हातातल्या पगाराच्या किमान दीडपट, म्हणजे महिन्याला सरासरी ७८,००० रुपयांच्या आसपास बिल व्हायला हवे, असा माझा अंदाज आहे. मात्र पुण्याचे सोळा हजारांचे भाडे वाचणार आहे, हेही त्याच कागदावर लिहा. कोल्हापुरात स्वतःचे घर असणे ही तुमची मोठी जमेची बाजू आहे.

आता फायद्यांकडे वळतो. अभियांत्रिकी आणि तांत्रिक सल्ला यांसारख्या ठरावीक व्यवसायांसाठी आयकरात कलम ४४ एडीए या नावाने परिचित असलेली सवलत आहे. तिच्यात वर्षाची एकूण जमा ५० लाखांपर्यंत असेल, किंवा रोखीने आलेली रक्कम पाच टक्क्यांहून अधिक नसेल तर ७५ लाखांपर्यंत असेल, तरी त्यातली निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवता येते आणि खर्चाची प्रत्येक पावती जपून ठेवावी लागत नाही. तुमची सगळी रक्कम बँकेतूनच येणार, त्यामुळे हा मार्ग तुम्हाला सोयीचा पडेल. या पद्धतीत आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एका हप्त्यात भरता येतो. पण म्हणूनच तो बाजूला काढून ठेवण्याची शिस्त हवी, कारण पगारातून दरमहा आपोआप कपात होण्याची सवय झालेल्या माणसाला मार्च महिना जड जातो.

सेवा व्यवसायात वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर ग्राहक दुसऱ्या राज्यातला असला तरी जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, मात्र पहिल्याच आठवड्यात करा. ती १ जुलै २०२० पासून सुरू झाली असून आधार आणि पॅनच्या आधारे पूर्णपणे मोफत होते. तिच्यासारखीच दिसणारी संकेतस्थळे पैसे मागतात, त्यांच्याकडे वळू नका. या नोंदणीचा खरा उपयोग वसुलीत होतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत लहान व्यावसायिकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की बरेच काम न बोलता होते. राज्याचा व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये आहे, तोही विसरू नका.

सुभाषनगर_चप्पल

माझा व्यवसाय तुमच्यापेक्षा वेगळा आहे, तरी दोन शब्द लिहितो. आमचे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या कोल्हापुरी चप्पल बनवते. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, पण पूर्वी आमचा माल दुकानदाराकडेच जायचा आणि पाय कोणाचा हे आम्हाला कधी कळायचे नाही. आता गिऱ्हाईक कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलने कड काढते, शेजारी पट्टी ठेवून फोटो पाठवते, आणि त्या मापावर मी कातडे कापतो. परत येणारे जोड फारच कमी झाले. मोठ्या बाजारपेठांच्या संकेतस्थळांवर गिऱ्हाईक त्यांचे असते, आपले नसते. ज्याने माप पाठवले, तो मात्र दोन वर्षांनी पुन्हा आपल्यालाच विचारतो.

ओतकाम_डिझाइन

तुमचा आणि माझा विषय एकच आहे, त्यामुळे उशिरा का होईना, पण सविस्तर लिहितो. मी बारा वर्षांपूर्वी नोकरी सोडली. आज गेटिंग (साच्यात वितळलेला धातू, म्हणजे रस, नेणारी वाट) आणि रायझर (भाग गोठताना त्याला रस पुरवणारा साठा) यांची रचना, पॅटर्नची (ज्यावरून साचा बनतो त्या नमुन्याची) ड्रॉइंग आणि ओतकामाचे सिम्युलेशन (संगणकावरची चाचणी) ही कामे करतो. माझे ग्राहक कोइमतूर, राजकोट आणि बेळगावमध्ये आहेत. सर्व व्यवहार ऑनलाइन चालतो. काही ग्राहकांना मी आजवर प्रत्यक्ष भेटलेलोही नाही.

सर्वसाधारणपणे असे मानले जाते की ऑनलाइन काम करणाऱ्याने कुठे राहावे याला महत्त्व नाही. आपल्या क्षेत्रापुरते तरी हे मला मान्य नाही. कोल्हापुरात राहून हे काम करण्याचा फायदा पुण्याच्या सदनिकेत बसून करण्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, कारण येथे शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहती हाकेच्या अंतरावर आहेत आणि भट्टीजवळ आयुष्य काढलेली माणसे अजून तेथे आहेत.

एक प्रसंग सांगतो. कोइमतूरच्या एका ग्राहकाच्या पंपाच्या भागात वारंवार पोकळी येत होती. संगणकावर माझी रचना निर्दोष दिसत होती. मी त्यांना तो भाग करवतीने मधोमध कापायला सांगितले आणि शेजारी पट्टी ठेवून फोटो मागवला. रायझरच्या मानेखाली, सर्वांत जाड जागेत, चिंचोक्याएवढी पोकळी होती. फोटोची छापील प्रत घेऊन मी उद्यमनगरातल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद उजेडात धरला आणि अंगठा मानेवर टेकवून म्हणाले, “साहेब, ही मान आधी गोठतीया. मग खालच्या पोटाला रस कुठनं मिळायचा?” मी मान जाड आणि आखूड केली, त्याच संध्याकाळी नवे ड्रॉइंग पाठवले आणि पुढच्या खेपेत तो दोष गेला. त्या ग्राहकाने तेव्हापासून आणखी तीन कारखान्यांना माझे नाव सांगितले आहे.

मला यातला सर्वांत मोठा फायदा हाच वाटतो की जे ज्ञान एरवी एका गल्लीतच राहिले असते, त्याला ऑनलाइन कामामुळे लांबचा ग्राहक मिळतो आणि त्याचे श्रेय व पैसा मधल्या कोणाकडे अडकत नाही. नोकरीत असताना माझ्या ड्रॉइंगवर कंपनीचे नाव असायचे; आज कोपऱ्यातल्या चौकटीत माझे असते. अर्थात त्या मिस्त्रींना मी प्रत्येक सल्ल्याचे मानधन देतो, आणि तुम्हीही द्यावे.

कामे मिळवण्यासाठी फ्रीलान्सची आंतरराष्ट्रीय संकेतस्थळे सुरुवातीला उपयोगी पडतात, पण फायव्हरसारखे संकेतस्थळ विक्रेत्याच्या कमाईतून २० टक्के कापून घेते, हे दर ठरवताना लक्षात असू द्या. राजीनाम्यापूर्वी नियुक्तिपत्रातल्या अटी नीट वाचा. नोकरीत असताना बाहेरचे काम करण्यास मनाई असेल तर ती पाळा, आणि जुन्या कंपनीची एकही फाइल सोबत आणू नका. आपले क्षेत्र लहान आहे, येथे नाव एकदाच खराब होते.

मंगळवारपेठकर

सर्वांचे मनापासून आभार. करसल्लागार काकांनी सांगितल्याप्रमाणे कागद मांडला. भाडे आणि प्रवास वजा केल्यावर महिन्याला सुमारे साठ हजारांचे बिल झाले तरी पहिले वर्ष निभावता येईल, आणि आठ महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक बँकेत आहे. नियुक्तिपत्रात बाहेरच्या कामास स्पष्ट मनाई आहे, त्यामुळे त्या दोन उद्योजकांना मी नोकरी सुटेपर्यंत थांबण्याची विनंती केली आहे. दोघांनीही होकार दिला. ताईंचा एक तृतीयांशाचा नियम मात्र पहिल्या वर्षी दोनच ग्राहकांवर कसा पाळायचा, हे अजून सुटलेले नाही.

ओतकाम_डिझाइन सर, नऊ वर्षे ड्रॉइंग काढूनही मी भट्टीतून रस ओतताना मोजून तीनदाच पाहिला आहे. पुढच्या आठवड्यात मी घरी येणार आहे. आपल्या ओळखीने एखादा दिवस तेथे उभे राहता येईल का?

ओतकाम_डिझाइन

अवश्य या. शनिवारी दुपारी भट्टी लागते. सुती कपडे आणि चामड्याचे बूट घालून या, आणि मोल्डिंगचे, म्हणजे साचे बनवण्याचे, काम सुरू होते तेव्हाच, सकाळी दहाला पोहोचा. ओतण्यापेक्षा त्याआधीचे तीन तास तुम्हाला जास्त शिकवतील. पहिल्या वर्षी दोनच ग्राहक असतील तर एक तृतीयांशाचा नियम पाळता येणार नाही. पण तिसऱ्या ग्राहकाचा शोध पहिल्या महिन्यापासूनच चालू ठेवा. बेळगावच्या एका कारखान्याला सध्या कोअर बॉक्सच्या (ओतीव भागातली पोकळ जागा घडवणारा गाभा ज्यात बनतो, त्या साच्याच्या) ड्रॉइंगसाठी माणूस हवा आहे. त्यांच्याशी बोलून ठेवतो.