चित्र धूसर आहे म्हणून चोरी क्षम्य ठरत नाही

ओटीटीवर, म्हणजे इंटरनेटवरून चित्रपट दाखवणाऱ्या सेवांवर, पैसे भरणाऱ्याला धूसर चित्र आणि चोरटी प्रत फुकट उतरवून घेणाऱ्याला स्वच्छ, मग पायरसीत गैर ते काय, असा मुद्दा काही जण मांडतात. त्यातील तक्रार रास्त आहे, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

ओटीटीवरील ४के (अतिसुस्पष्ट) चित्रपटाला सेकंदाला साधारण १५ ते २५ मेगाबिट इतकाच डेटा मिळतो, तर अल्ट्रा एचडी ब्लू-रे या तबकडीला १०० मेगाबिटच्याही पुढे जाण्याची मुभा असते. ही काटकसर रात्रीच्या पावसाच्या दृश्यात लगेच उघडी पडते: काळ्या आभाळात करड्या पायऱ्या उमटतात आणि धारा एकमेकींत मिसळून नुसता धूसर पट्टा दिसतो. शिवाय कॉपी-संरक्षणापायी संगणकाच्या ब्राउझरवर अनेकदा पूर्ण दर्जा मिळतच नाही, म्हणजे बंधनाचा काच प्रामाणिक ग्राहकालाच.

परंतु ओटीटीपेक्षा स्वच्छ चोरटी प्रत निघायला ब्लू-रे असावी लागते, आणि मराठी चित्रपटांच्या ब्लू-रे जवळपास निघतच नाहीत. त्यामुळे त्यांच्या चोरट्या प्रती एकतर याच ओटीटीवरून उतरवलेल्या असतात, नाहीतर चित्रपटगृहात कॅमेऱ्याने टिपलेल्या. तिथे दर्जाचा युक्तिवाद टिकतच नाही. दादरच्या प्लाझासारख्या चित्रपटगृहात पहिल्या आठवड्यातच ज्यांचे भवितव्य ठरते, त्या निर्मात्यांना अशी चोरटी प्रत फार महागात पडते. सिनेमॅटोग्राफ कायद्यातील २०२३च्या दुरुस्तीने चित्रपटगृहात चोरून चित्रण करण्यासारख्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे, ती मला योग्यच वाटते.

आपण ग्राहकांनी कंपन्यांकडे आग्रह धरायचा तो प्रत्येक चित्रपटाचा बिटरेट (सेकंदाला मिळणारे मेगाबिट) जाहीर करण्याचा, आणि जास्त पैसे घेऊन का होईना, पूर्ण दर्जाची फाइल विकत देण्याचा.