डोंबिवलीतला जुना फ्लॅट दुरुस्त करून विकायचाय, टोकन देऊ का?

प्रश्न: डोंबिवली पूर्वेला १९८८ सालच्या इमारतीत वन बीएचके बघितलाय. तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाथरूमच्या स्लॅबमधून सळया दिसतात. आठ महिन्यांत विकायचा विचार आहे. आधी काय तपासू?

उत्तर १: दादा, थांबा. मी असाच घेतला होता. टाइल्स, वायरिंग, रंग, सगळा हिशेब केला, पण गळती वरच्या घराच्या बाथरूममधून होती. त्यांनी फोडू देईपर्यंत चार महिने गेले, हप्ते चालूच. तेव्हा आधी वरच्यांच्या घरी जाऊन बोला. सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा अहवाल मागा. पुनर्विकासाची चर्चा असेल तर सभांची इतिवृत्तं वाचाच, नाहीतर दुरुस्तीचे पैसे मातीत.

उत्तर २: कागद तपासा: पहिल्या करारापासूनच्या सगळ्या खरेदी-विक्री करारांची साखळी, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला कराराचा उतारा), शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला), ओसी (इमारतीचा भोगवटा दाखला). मूळ मालक वारले असतील तर सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात.

उत्तर ३: २४ महिन्यांच्या आत विकलात तर नफा अल्पकालीन, तुमच्या आयकराच्या स्लॅबप्रमाणे कर. खरेदीचं मुद्रांक शुल्कही खर्चात धरा.

प्रश्नकर्ता: मालक वारलेत, मुलगी नाशिकला असते. तिला भेटल्याशिवाय टोकन देत नाही.