वीज आणि तपासणीपलीकडचं सहकार्य

देशादेशांतलं अणुसहकार्य म्हणजे करार, अणुप्रकल्पांची तपासणी आणि वीजप्रकल्प, बाकी काही नाही, असं काहींचं म्हणणं असतं. मला नाही पटत. हाडांच्या, हृदयाच्या स्कॅनसाठी वापरतात तो किरणोत्सारी पदार्थ, टेक्नेशियम-९९एम घ्या. अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, जेमतेम ६ तास! ते ज्या मॉलिब्डेनम-९९पासून मिळतं, त्याचं साधारण ६६ तास. म्हणजे साठा करून ठेवायची सोयच नाही. अणुभट्टीतून काढा, प्रक्रिया करा आणि विमानाने पाठवा. बनवणाऱ्या अणुभट्ट्या मोजक्याच, त्यातल्या बऱ्याच म्हाताऱ्या. २००९मध्ये कॅनडातली चॉक रिव्हरची भट्टी गळतीमुळे वर्षाहून जास्त बंद पडली, त्यात २०१०मध्ये नेदरलँड्समधली पेटनची दुरुस्तीला गेली आणि भलत्याच देशांतल्या रुग्णांचे स्कॅन लांबले. म्हणून भट्टी कधी बंद ठेवायची, याच्या तारखासुद्धा वेगवेगळ्या देशांतले भट्टीचालक आपसात जुळवून घेतात. बातमी होत नाही त्याची, इतकंच.