जुन्या गाडीच्या मधल्या जाळ्यांतून हवाच येईना, सगळी काचेवर जातेय

साखळीकर
नमस्कार मंडळी. गाडी २००९ ची पेट्रोल हॅचबॅक, तीन नॉबवाला साधा एसी. पंधरा वर्षं झाली म्हणून आरसी आत्ताच ५ वर्षांसाठी रिन्यू करून घेतलीय त्यामुळे एवढ्यात विकायची नाहीये. प्रॉब्लेम असा की गेले तीन आठवडे डॅशबोर्डच्या मधल्या दोन जाळ्यांतून अजिबात हवा येत नाही, कडेच्या दोन्हींतून थोडीशी येते आणि बाकी सगळी पुढच्या काचेवर. हवेची दिशा बदलायचा नॉब तोंडावर ठेवा, पायावर ठेवा, काही फरक नाही. ब्लोअर चारही स्पीडला नीट चालतो, एसी पण थंड आहे, इतका की काच बाहेरून ओली होते आणि भर मे महिन्यात मला वायपर मारावा लागतो. वडिलांना दर आठवड्याला पणजीजवळ बांबोळीच्या हॉस्पिटलात न्यावं लागतं, ते पुढे बसतात आणि पणजी येईपर्यंत घामाने निथळतात, ते बघवत नाही हो. एका गॅरेजवाल्याने सांगितलं पूर्ण डॅशबोर्ड खोलायला लागेल, दोन दिवस गाडी ठेवा, अकरा हजार. खरंच एवढं करायला लागतं का? नॉब हल्ली खूप हलका फिरतो, आधी हाताला कट-कट लागायचा. आणि हो, महिन्यापूर्वी म्युझिक सिस्टीम बदलून घेतली, त्याचा काही संबंध असेल असं वाटत नाही पण सांगून ठेवतो.

मांडवीकाठ
आधी केबिन फिल्टर बघ, गाडीत येणारी हवा गाळतो तो. साखळी-डिचोली भागातल्या गाड्यांचा फिल्टर काढला की मातीने लालेलाल असतो, माझ्या मेव्हण्याचा तर असा गच्च झाला होता की झटकला तरी खालची जाळी दिसेना. ग्लव्ह बॉक्स दोन्ही बाजूंनी आत दाबला की खाली येतो, त्याच्या मागे आडवं झाकण असतं.

फोंड्याचा_एसीवाला
पस्तीस वर्षं गाड्यांच्या एसीचं काम केलंय, आता दुकान मुलगा बघतो म्हणून लिहायला वेळ मिळतो. मांडवीकाठ म्हणतात ते फिल्टरचं खरं आहे पण या गाडीचा तो आजार नाही. फिल्टर चोंदला की हवा सगळीकडूनच कमी होते, एका ठिकाणची बंद आणि दुसरीकडे जोरात असं होत नाही. इथे काच बाहेरून ओली होतेय म्हणजे गॅस आहे, कूलिंग कॉइल ठीक आहे, ब्लोअर ठीक आहे. हवा भरपूर तयार होतेय, फक्त चुकीच्या दाराने बाहेर पडतेय.

बाबा, तुझ्या नॉबच्या मागे एक केबल असते, सायकलच्या ब्रेकसारखी, बाहेर प्लॅस्टिकचं कव्हर आणि आत कडक तार. तारेचं टोक हीटर बॉक्सच्या (डॅशबोर्डमागची पेटी, जिथून हवा वाटली जाते) बाजूला असलेल्या एका लिव्हरच्या पिनमध्ये अडकवलेलं असतं, आणि कव्हर त्याच्या दोन बोटं अलीकडे एका क्लिपमध्ये दाबून बसवलेलं असतं. ही क्लिप महत्त्वाची. ती सुटली की नॉब फिरवल्यावर आतली तार सरकण्याऐवजी अख्खी केबलच मागे-पुढे होते, लिव्हर जागचा हलत नाही आणि फ्लॅप, म्हणजे हवा कुठे सोडायची ते ठरवणारी आतली झडप, जिथे होता तिथेच राहतो. नॉब हलका लागतोय हीच त्याची खूण. फ्लॅप अडकला असता तर नॉब जड झाला असता.

आणि म्युझिक सिस्टीमचा संबंध आहे, नक्की आहे! जुना सेट ओढून काढताना आणि वायरी मागे कोंबताना हात त्याच जागेतून जातो. अशा कितीतरी गाड्या माझ्याकडे आल्यात.

डॅशबोर्ड खोलू नकोस. टॉर्च घे, ड्रायव्हरची सीट पूर्ण मागे कर आणि एक्सिलरेटरच्या वर डावीकडे बघ. काही गाड्यांत लिव्हर पलीकडच्या बाजूला, ग्लव्ह बॉक्सकडे असतो. एकाला नॉब फिरवायला सांग आणि तू बघ काय हलतंय. लिव्हर बोटाने ढकलून बघ, सहज फिरला आणि तोंडावर हवा आली की निदान झालं. बसवताना मात्र एक काळजी: नॉब एका टोकाला पूर्ण फिरवून ठेव, लिव्हर हाताने त्याच बाजूच्या टोकाला ढकल आणि मगच कव्हर क्लिपमध्ये दाब. मध्येच कुठेतरी दाबलंस तर फ्लॅप अर्धवट बंद होईल आणि थोडी हवा काचेवर जातच राहील. एअरबॅग असलेली गाडी असेल तर पिवळ्या वायरींना हात लावायचा नाही, आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून थोडा वेळ थांबायचं.

चोरला_घाट_रोजचा
काकांनी छान सांगितलं. माझ्या गाडीचं वेगळंच झालेलं, चार नंबरलाच ब्लोअर चालायचा, एक-दोन-तीनला पूर्ण बंद. तो रेझिस्टर निघाला, ब्लोअरचा स्पीड कमी करणारा पार्ट, चार नंबरला करंट रेझिस्टर वगळून थेट मोटरला जातो म्हणून तेवढाच चालायचा. बदलताना बघितलं तर सॉकेटच्या पिना हिरव्या पडल्या होत्या, आपल्या दमट हवेत हे व्हायचंच, नुसता पार्ट बदलून सॉकेट तसंच ठेवलं तर परत जातो.
साखळीकर, हे पावसाच्या आधी करून घ्या बरं का. आत्ता तुम्हाला तोंडावर हवा पाहिजे, पण जुलैमध्ये घाटात काच आतून धुरकट झाली की हवा काचेवर फिरवता आलीच पाहिजे, तेव्हा नॉबने दगा दिला तर समोरचा ट्रक दिसत नाही. एसी चालू, हवा काचेवर आणि आतलीच हवा फिरवायचं बटण बंद, मला तरी याशिवाय दुसरा उपाय सापडलेला नाही.

पेडण्याची_मास्तरीण
हाच धागा आहे म्हणून विचारते, माझ्या गाडीत हवा येते पण जाळीच्या दोन पट्ट्या लटकल्यात, वर केल्या की परत खाली. आणि एसी लावला की काळे स्पंजचे कण अंगावर उडतात. साडीवर डाग पडतात.

फोंड्याचा_एसीवाला
बाई, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काळे कण म्हणजे आतल्या फ्लॅपवर चिकटवलेला स्पंज कुजलाय. तो गेला की फ्लॅप नीट बंद होत नाही आणि गरम-थंड हवा मिसळते. त्यासाठी मात्र बॉक्स उघडायलाच लागतो, त्याला शॉर्टकट नाही, कॉइल काढायची वेळ येईल तेव्हा सोबत करून घ्या म्हणजे मजुरी एकदाच पडेल.
पट्ट्यांचं घरी होतं. उन्हाने प्लॅस्टिक कडक होऊन पट्टीच्या टोकाची बारीक पिन मोडते. जाळी बाहेर काढा, बहुतेक वेळा नुसती दाबून बसवलेली असते, कडेला कापड लावून प्लॅस्टिकच्या चपट्या पट्टीने उचकटा, स्क्रू ड्रायव्हरने डॅशबोर्डवर चरा पडतो. मग स्टेपलरची पिन सरळ करून तुकडा घ्या, पकडीत धरून लायटरवर तापवा आणि मोडलेल्या जागी दोन-तीन मिलिमीटर आत खुपसा. गार झाली की ती घट्ट बसते, जास्तीची कापून टाका. फेव्हिक्विक फिरत्या जागेत अजिबात नको, एक थेंब जरी भोकात गेला तर पट्टी कायमची जाम होते आणि काळ्या प्लॅस्टिकवर पांढरा धूर बसतो तो वेगळाच. तेलही नको, धूळ धरतं. सिलिकॉन स्प्रे थोडासा कापसावर घेऊन लावा.

मांडवीकाठ
काका, माझं म्हणणं मागे घेतो, बरोबर आहे तुमचं. अजून एक, आमच्याकडे गाडी माडाखाली उभी असते, पावसाळ्यात उंदरांनी ब्लोअरमध्ये सुकी पानं आणि कापूस नेऊन घर केलं होतं. हवा कमी आणि घाण वास. बॉनेटखाली काचेच्या पायथ्याशी जी जाळी असते तिथली पानं दर आठवड्याला हाताने काढतो आता, नाहीतर पाणी तुंबून ब्लोअरमध्येच उतरतं.

साखळीकर
काका, झालं! रविवारी सकाळी वडिलांना नॉबवर बसवलं आणि मी खाली डोकं घातलं. तुम्ही म्हणालात तसंच, लिव्हर जागेवर आणि केबल नुसती सापासारखी वळवळत होती. क्लिप सुटली नव्हती, तिचा एक कान मोडला होता त्यामुळे कव्हर राहतच नव्हतं. लिव्हर बोटाने वर ढकलला आणि वडील वरून ओरडले, "आली रे आली!" क्लिपभोवती बारीक झिप टाय दोन वेढे आवळून मारला, पहिल्यांदा नॉब टोकाला ठेवायचा विसरलो तर अर्धी हवा काचेवरच, मग सोडून परत मारला. नॉब परत कट-कट लागायला लागलाय. खर्च झिप टायचं पाकीट, तेही घरात होतं.
काल बांबोळीला जाऊन आलो. वडिलांनी जाळी स्वतःकडे वळवून घेतली आणि मेरशीच्या आधीच डुलकी लागली त्यांना. खूप खूप आभार काका. झिप टाय किती दिवस टिकेल तेवढं सांगा, की क्लिप वेगळी मिळते?

फोंड्याचा_एसीवाला
क्लिप सुटी मिळणं कठीण, भंगारवाल्याकडे तुझ्याच मॉडेलचा हीटर बॉक्स असेल तर त्यातून काढून घे. टाय उन्हाने ठिसूळ होतो पण ती जागा सावलीत आहे, दोन-तीन वर्षं काळजी नाही. पाऊस सुरू झाला की एकदा टॉर्च मारून बघ. वडिलांना नमस्कार सांग.