अदिस अबाबातली एक दिवसाची टूर

विमान बदलायला दिवसभर थांबायचंच आहे, तर गाइड घेऊन इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा बघावी का, असा प्रश्न एकाने विचारलाय. जरूर बघा. फक्त 'ल्युसीसाठी जा' असा सल्ला त्याला मिळालाय, त्यात थोडी भर घालतो. ल्युसी म्हणजे १९७४ साली इथिओपियातच हदारला सापडलेला, सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीच्या मानवपूर्वज बाईचा सांगाडा. तो राष्ट्रीय संग्रहालयात आहे खरा, पण काचेमागे दिसते ती प्रतिकृती.

माझं मत विचाराल तर जास्त वेळ विद्यापीठाच्या आवारातल्या एथ्नॉलॉजिकल म्युझियमला (लोकजीवनाच्या संग्रहालयाला) द्या. हा इथिओपियाचा शेवटचा सम्राट हैले सेलासीचा जुना राजवाडा. सम्राटाची झोपायची खोली, अगदी न्हाणीघरसुद्धा बघायला मिळतं! बाहेर कुठेच न पोचणारा एक जिना उभा आहे. देश ताब्यात असताना इटालियनांनी मुसोलिनीच्या सत्तेच्या प्रत्येक वर्षाला एक पायरी बांधली; ते गेल्यावर इथिओपियनांनी सगळ्यात वरच्या पायरीवर आपल्या सम्राटाचं चिन्ह असलेला सिंह बसवला. गाइड हा जिना घाईत उरकतात, त्यांना थांबवा.

मर्काटो बाजार गाडीतून पाहिला तरी चालेल. ट्रिनिटी कॅथेड्रलमध्ये सम्राटाची कबर आहे.

शाकाहाऱ्यांनी बुधवार-शुक्रवार साधावा, त्या दिवशी तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा उपवास असतो, त्यामुळे मांस-दूध नसलेलं जेवण सगळीकडे मिळतं. इंजेरावरचा (आंबवलेल्या पिठाच्या मोठ्या धिरड्यावरचा) शिरो म्हणजे जवळपास आपलं पिठलंच, मसाला तेवढा वेगळा.

आणि हो, गाइडशी वेळ ठरवताना नीट विचारा. तिथले तास सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे 'सकाळी २ वाजता' म्हणजे आपले ८.